'वजन कमी करून या' याच्यापुढे तारीख लिहा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गुडघेबदल शस्त्रक्रियेवर पानभर मजकूर आला होता. रोबोच्या मदतीने होणारं ऑपरेशन, नव्या धातूचे सांधे, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चालणं, सगळं त्यात सविस्तर होतं. वजनाविषयी मात्र शेवटी एकच ओळ होती, की लठ्ठ रुग्णांनी शस्त्रक्रियेआधी वजन कमी करावं. ही ओळ मी नोकरीभर ऐकली. ती ऐकून घरी गेलेल्या आणि पुन्हा कधीच न आलेल्या बायका मला माहीत आहेत. त्यांच्यासाठी हे पत्र लिहिते आहे. लांबलं तरी छापावं, ही विनंती.

मी निवृत्त परिचारिका. मिरजेत हाडांच्या वॉर्डात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव. अथणी, जमखंडी, जत, सांगोला, कुठून कुठून माणसं एक्स-रेची पिशवी काखेत मारून येतात. 'वाटी झिजलीय', 'गादी संपलीय', 'हाडाला हाड घासतंय' असं सांगतात. २००० साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी पंतप्रधान वाजपेयींचा एक गुडघा बदलला, दुसरा पुढच्या वर्षी. तेव्हापासून आमच्या ओपीडीत खेड्यातल्या आज्यासुद्धा 'वाजपेयींचं ऑपरेशन' म्हणून चौकशी करू लागल्या. आधी भीती आडवी यायची, ती कमी झाली. मग पैसा आडवा यायचा. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला. नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी असा ठरला, त्याआधी त्याला दीड लाखाच्या वर मोजावे लागत. आता जाड बाईच्या वाटेत तिसरी गोष्ट उभी आहे, ती म्हणजे वजनकाटा.

डॉक्टर उगाच अडवतात असं मी म्हणणार नाही. त्यांना भीती कशाची वाटते ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. चरबीच्या थराला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे टाके घातल्यावर जखम पाझरत राहते, कडा धरत नाहीत. बदललेल्या सांध्यात एकदा जंतू शिरले की ते धातूवर चिकट थर करून बसतात आणि औषधाला दाद देत नाहीत. मग घातलेला सांधा काढायचा, अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा मध्ये ठेवायचा, कित्येक आठवडे शिरेतून औषधं द्यायची आणि सगळं निवळलं की पुन्हा नवा सांधा बसवायचा. अशा पेशंटचं ड्रेसिंग करताना त्यांचं तोंड बघवत नाही. शिवाय भूल देणाऱ्या डॉक्टरांना पाठीतली जागा सापडायला त्रास, मोठ्याने घोरणाऱ्या पेशंटचा रात्री ऑक्सिजन खाली येण्याची धास्ती, पायाच्या शिरेत गाठ होण्याचा धोका. वजन जितकं जास्त तितकं हे सगळं वाढतं. बरं, संसर्ग झाला तर नातेवाईक जाब विचारणार तो सर्जनलाच. तेव्हा त्यांची सावधगिरी मला कळते.

माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. रक्तदाब वाढला तर डॉक्टर गोळी लिहून देतात, पुन्हा कधी दाखवायचं ते सांगतात. शुगर वाढली तर इन्सुलिन चालू करतात, फिजिशियनकडे चिठ्ठी देतात. वजन वाढलेलं दिसलं की मात्र तोंडी सांगून मोकळे होतात. म्हणजे ज्या आजारामुळे ऑपरेशन थांबलं, त्यावरच उपचार नाहीत.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, तासगाव तालुक्यात असते. वय ६६, माळकरी, सगळं आयुष्य द्राक्षबागेत आणि चुलीपुढे गेलेलं. दोन्ही गुडघे वाकडे झालेले, रात्री कूस बदलताना कळवळायची. भाच्याने तिला एका मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथे भर कॉरिडॉरमध्ये, पुरुषांच्या रांगेसमोर काट्यावर उभं केलं आणि आकडा मोठ्याने पुकारला. वजन ९४ किलो, उंची १५२ सेंटिमीटर. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ४० च्या वर गेला. आत डॉक्टर म्हणाले, "मावशी, खाणं कमी करा. ३५ च्या खाली आणा, मग बघू." केसपेपरवर दोनच शब्द, 'वेट रिडक्शन', आणि खाली 'रिव्ह्यू एसओएस'. गरज वाटली तर या. तारीख नाही, आहाराचा कागद नाही, फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी नाही. दुखण्याच्या गोळ्या तेवढ्या होत्या.

त्या '३५ च्या खाली' चा हिशेब मी घरी येऊन केला. १५२ सेंटिमीटर उंचीच्या बाईला बीएमआय ३५ पाहिजे तर वजन ८१ च्या आत आणावं लागतं. म्हणजे आक्काने १३ किलो उतरवायचे, तिच्या वजनाच्या जवळजवळ १४ टक्के. हे किती मोठं मागणं आहे ते सांगते. गुडघ्याची झीज आणि लठ्ठपणा दोन्ही असलेल्या ४०७ रुग्णांवर सेमाग्लुटाइड या आठवड्याला एकदा घ्यायच्या इंजेक्शनची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाले. इंजेक्शन, वर आहार आणि व्यायामाचं मार्गदर्शन, असं ६८ आठवडे चाललं, तेव्हा सरासरी वजन १३.७ टक्के उतरलं. ज्यांना नुसतं मार्गदर्शन आणि तुलनेसाठी बिनऔषधाचं इंजेक्शन मिळालं त्यांचं उतरलं ३.२ टक्के. म्हणजे जे साधायला आजचं सगळ्यांत चर्चेतलं औषध आणि सव्वा वर्षाहून जास्त काळ लागला, ते आमच्या आक्काने एका वाक्यावर करून दाखवायचं होतं. तेही गुडघे धड नसताना.

पाय चालत नाहीत म्हणून वजन वाढतं, वजन आहे म्हणून पाय दुरुस्त होत नाहीत. या फेऱ्यात बाई वर्षानुवर्षं फिरत राहते आणि दरम्यान काय होतं? मांडीचा स्नायू सुकतो. गुडघा सरळ होईनासा होतो, वाकलेलाच राहतो, आणि असा गुडघा पुढे ऑपरेशनलाही अवघड जातो. दुखण्याच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून खाल्ल्या जातात, पोटात अल्सर होतो, किडनीवर ताण येतो. आमच्या भागात निनावी पुड्या देणारेही आहेत. पुडी घेतली की चार दिवसांत बाई उड्या मारत चालते, घरच्यांना वाटतं गुण आला. त्यातल्या कित्येक पुड्यांत स्टेरॉइड असतं. तोंड सुजतं, शुगर चढते, वजन आणखी वाढतं. ऑपरेशन सुरक्षित व्हावं म्हणून पेशंटला थांबवायचं आणि थांबलेल्या काळात त्याची तब्येत ऑपरेशनला आणखी नालायक होऊ द्यायची, याला काय म्हणावं?

बीएमआयचा हा आकडा आला कुठून तेही वाचकांना सांगायला हवं. अमेरिकेतल्या खुबा आणि गुडघ्याच्या सर्जनांच्या संघटनेने २०१३ मध्ये, बीएमआय ४० च्या वर असेल तर ऑपरेशन पुढे ढकलण्याचा विचार करावा, असं सांगितलं होतं. तोच आकडा पुढे अनेक ठिकाणी कुलपासारखा वापरला गेला. त्याच संघटनेने तिथल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेबरोबर २०२३ मध्ये नव्या शिफारशी दिल्या. सांधा खरोखर खराब झाला असेल आणि बाकीचे उपाय करून झाले असतील, तर केवळ ठराविक बीएमआय गाठण्यासाठी ऑपरेशन लांबवू नये, असं त्यांत आहे. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या नाइस या संस्थेनेही २०२२ च्या मार्गदर्शिकेत, जाडीमुळे कुणाला सांधेबदलासाठी पाठवायचं नाकारू नये, असं स्पष्ट म्हटलं. आपल्याकडे ही बातमी पोहोचायला किती वर्षं लागणार? लठ्ठ रुग्णालाही ऑपरेशननंतर दुखण्यातून सुटका मिळते. धोका जास्त असतो हे खरं, पण तो धोका समजून घेऊन हो म्हणायचा हक्क त्याला आहे.

त्या अमेरिकी शिफारशींत आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. शुगर आटोक्यात नसेल तर ती येईपर्यंत थांबावं, आणि तंबाखू-निकोटिन सुटेपर्यंत किंवा कमी होईपर्यंत थांबावं, असं त्या सांगतात. आता आमच्याकडे पुरुषाला बिडी-तंबाखू विचारतात. बाईला कुणी मिश्री विचारत नाही. सकाळ-दुपार मिश्री लावणाऱ्या कितीतरी पेशंट मी वॉर्डात पाहिल्या, उशीखाली डबी घेऊन येणाऱ्या. जखम भरायला तीही नडते. काट्यावर आकडा मोठ्याने पुकारता येतो, पण दोन मिनिटं बसून मिश्री सोडायला सांगणं होत नाही.

वजन कमी करून उपयोग नाही असा अर्थ कुणी काढू नये. उपयोग आहे, आणि तो लगेच जाणवतो. गुडघ्याच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की वजन एक किलो घटलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो. आक्काचे सात किलो उतरले तेव्हा मी तिला हाच हिशेब सांगितला. आक्के, तेलाचे १५ किलोचे दोन डबे पावलागणिक उचलत होतीस, ते खाली ठेवलेस. तिला ते पटलं, कारण तिने डबे उचलले आहेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात ४५४ रुग्ण होते. दीड वर्ष आहार आणि व्यायाम दोन्ही सांभाळणाऱ्यांचं वजन सरासरी ११ टक्के उतरलं आणि दुखणं जवळजवळ निम्म्यावर आलं. पण त्यांच्या मागे आहारतज्ज्ञ होते, व्यायाम करून घेणारी माणसं होती, ठरलेल्या दिवशी बोलावणं होतं.

आक्काच्या मागे मी लागले. काय काय केलं ते लिहिते, कारण वाचकांतल्या कुणाला तरी उपयोगी पडेल. पहिली गोष्ट, मी तिला 'खाणं कमी कर' असं म्हणाले नाही. ती मुळात फार खात नव्हती. शेतातल्या कामाच्या वयात तीन भाकऱ्या लागायच्या, त्या काम थांबल्यावरही ताटात तशाच राहिल्या. चहा दिवसातून पाच-सहा वेळा, प्रत्येक कपात दोन चमचे साखर, आला-गेला की पुन्हा. आठवड्याचा सोमवार, दोन एकादश्या, संकष्टी. उपवासाला साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, तळलेला बटाटा. उपवासाच्या दिवशी ती इतर दिवसांपेक्षा जास्त खायची, आणि ते देवाच्या नावाने असल्यामुळे कुणी बोलायचं नाही. एकादशी सोड असं मी माळकरी बाईला कशी सांगणार? वरीचा भात थोडा, ताक भरपूर, राजगिऱ्याची भाजी आणि एखादं फळ, एवढं मान्य करून घेतलं. सोमवार मात्र तिने आपणहून सोडला.

दुसरी गोष्ट प्रथिनांची, आणि इथे डॉक्टरांपासून घरच्यांपर्यंत सगळे चुकतात. वजन कमी करा म्हटलं की बायका जेवण टाकतात. एक वेळ उपाशी, दुसऱ्या वेळी पेज. वजन उतरतं, पण त्यात मांडीचा स्नायूही जातो, आणि नव्या गुडघ्याला तोलून धरणारा तोच. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन साडेतीनच्या खाली गेलेल्या पेशंटच्या जखमा भरायला त्रास होतो. जाड माणूस कुपोषित असू शकतो हे आपल्याला खरंच वाटत नाही. आक्का अंडी खात नाही. मग सकाळी मोड आलेली मटकी, दुपारी ताटात आधी उसळ आणि घट्ट वरण, नंतर दीड भाकरी, संध्याकाळी वाटीभर दही किंवा पनीर, दळणात मूठभर सोयाबीन. सूनबाईंनी आमटीतलं तेल आणि शेंगदाण्याचं कूट मोजून घालायला सुरुवात केली. खरं श्रेय तिचंच. घरात भडंगाचा डबा भरलेला असतो, सगळे चहाबरोबर मूठ-मूठ खातात आणि एकट्या म्हातारीने तोंड बांधून बसायचं, असं केलं असतं तर दोन आठवडेसुद्धा निभलं नसतं. चहा सगळ्या घराचाच बिनसाखरेचा झाला.

चालायला मी तिला सांगितलं नाही. दुखऱ्या गुडघ्याने रोज तासभर चाला म्हणणं हा छळ आहे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तो खाली दाबायचा, दहा आकडे मोजायचे. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. उंच खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. खुर्चीत बसून हात वर-खाली, तेवढ्यानेही धाप लागते. जमिनीवर मांडी घालणं आणि उकिडवं बसणं बंद. कमोडची खुर्ची आणली. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते, ही साधी गोष्ट आमच्या निम्म्या पेशंटना कुणी सांगितलेली नसते. पोहण्याचा सल्ला पुस्तकात चांगला आहे, पण साठी उलटलेली नऊवारीतली बाई कोणत्या तलावावर जाणार?

आणि शुगर. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी केली तर ९.१ निघाली, जी ऑपरेशनच्या दृष्टीने वजनाइतकीच, माझ्या मते वजनाहून जास्त काळजीची होती. पहिल्या ठिकाणी ती कुणी पाहिलीच नव्हती. फिजिशियनने गोळ्या बदलल्या, आहार बदललाच होता, ती ७.३ वर आली. दात दाखवले, एक किडका दात काढला. मांडीच्या घडीत बुरशीची खाज होती, ती आधी बरी केली, कारण त्वचेवरचे जंतू नव्या सांध्याला घातक. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलेलं असेल तर ऑपरेशनआधी साधारण तीन महिने जाऊ द्यावे लागतात, तेही विचारून घेतलं.

वजन ९४ वरून ८६.५ वर आलं. पुढे हलेना. बीएमआय ३७ च्या थोडा वर. पहिल्या रुग्णालयाच्या हिशेबाने आक्का नापास. दुसऱ्या सर्जनकडे नेलं. त्यांनी खुर्चीत बसवून विचारलं, "आजी, रात्री झोप लागते का? संडासला कुणाला धरून जावं लागतं का?" कागदपत्रं पाहिली. म्हणाले, वजन आणखी उतरलं तर चांगलंच, पण या शुगरवर, या जखम भरण्याच्या ताकदीवर एक गुडघा करायला हरकत नाही. धोके एकेक करून सांगितले, जंतुसंसर्गाचं लपवलं नाही. आणि त्याच बैठकीत दिवाळीनंतरची तारीख दिली. तारीख मिळाल्यावर आक्काने जे पथ्य पाळलं ते त्याआधीच्या सगळ्या महिन्यांत मी पाहिलं नव्हतं. उजवा गुडघा झाला. जखम कोरडी भरली. आता घरातल्या घरात काठीशिवाय फिरते, डावा करायचा की नाही ते उन्हाळ्यानंतर बघू म्हणते.

तिच्या घरात एक निवृत्त नर्स होती. ज्यांच्या घरात नाही त्यांचं काय?

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दलही दोन शब्द. मौंजारो २०२५ च्या मार्चमध्ये आणि वेगोव्ही जूनमध्ये भारतात आलं, तेव्हापासून ओळखीची माणसं मला फोन करून विचारतात. औषधं खरी आहेत. पण ती डॉक्टरच्या देखरेखीखाली घ्यायची असतात, परवडायला हवीत, आणि बंद केली की वजन पुन्हा चढू लागतं. भूक मरते त्यामुळे प्रथिनं आणखी कमी पोटात जातात, स्नायू झडतो. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे या औषधांमुळे पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. असं इंजेक्शन चालू असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आठवणीने सांगा. उपाशी आहे म्हणून टेबलावर घेतलं आणि पोटातलं अन्न फुप्फुसात गेलं, तर जिवावर बेतू शकतं.

फार जास्त वजन असेल तर जठराची शस्त्रक्रिया हाही मार्ग आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला ८२ रुग्णांवर चाचणी झाली, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. सगळ्यांचा बीएमआय ३५ किंवा त्याहून जास्त, सगळे गुडघेबदलाच्या यादीतले. निम्म्यांना आधी जठराला पट्टा बसवून वजन उतरवलं. त्यांच्यात गुंतागुंत १४.६ टक्के झाली, बाकीच्यांत ३६.६ टक्के. आणि पट्टा बसवलेल्यांतले २९ टक्के म्हणाले, आता आमचं दुखणं कमी आहे, गुडघ्याचं ऑपरेशन नको. नीट उपचार मिळाले तर वजन उतरल्याचा फायदा किती होतो, ते यावरून दिसतं. आता आपल्या आरोग्यविम्याची अट पाहा. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळायला बीएमआय ४० हवा, किंवा ३५ आणि सोबत चारपैकी एक आजार : लठ्ठपणामुळे हृदयाच्या स्नायूचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास किंवा आटोक्यात न येणारा टाइप-२ मधुमेह. या यादीत झिजलेला गुडघा नाही. बीएमआय ३७ च्या बाईला सर्जन सांगणार वजन जास्त म्हणून गुडघा होणार नाही, आणि विमा कंपनी सांगणार वजन कमी म्हणून जठराचं होणार नाही. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे इर्डाने, त्या यादीत सांध्याची तीव्र झीज घालावी. माझी ही मागणी आपण छापलीत तर कुणा जाणत्या माणसाच्या नजरेला पडेल.

बाकी मागण्या फार खर्चाच्या नाहीत. सांधेबदल करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने हाडांच्या ओपीडीच्या दिवशी आहारतज्ज्ञाला आणि फिजिओथेरपिस्टला शेजारच्या खोलीत बसवावं. वजन पडद्याआड करावं, आकडा कागदावर लिहावा, पुकारू नये. पेशंटला १३ किलोचं नव्हे, पाच टक्क्यांचं पहिलं लक्ष्य द्यावं. ते गाठलं की पुढचं. खेड्यातल्या पेशंटच्या घरी काटा नसतो. पण उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, काटा आहे, शुगर तपासायचं यंत्र आहे. दर महिन्याला तिथे वजन आणि शुगर लिहून घ्यायची आणि तो कागद सर्जनपर्यंत पोहोचवायचा, एवढं जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला जमायला हवं. आशाताई घरोघर जातातच. फक्त त्यांच्यावर हे आणखी एक बिनपगारी काम म्हणून लादू नये.

आणि डॉक्टरांना, ज्यांच्याबरोबर मी इतकी वर्षं काम केलं त्यांना, हात जोडून सांगणं आहे. 'वेट रिडक्शन' लिहा, जरूर लिहा. त्याच्यापुढे तीन महिन्यांनंतरची तारीख घाला. त्या तारखेला वजन उतरलेलं नसलं तरी पेशंटला आत घ्या, शुगर बघा, अल्ब्युमिन बघा, मिश्री सुटली का विचारा, आणि ऑपरेशनचा विचार त्या दिवशी पुन्हा नव्याने करा. आपल्या दैनिकाला विनंती, की पुढच्या आरोग्य पुरवणीत एखाद्या आहारतज्ज्ञाकडून ज्वारी-बाजरीच्या घरातल्या, शाकाहारी आणि उपवास करणाऱ्या सांधेदुखीच्या रुग्णासाठी आठवड्याचा आहार लिहून घ्यावा. ओट्स आणि ब्रोकोली सोडून.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, मिरज